चँग आणि एंग : दोन माणसे, एक देह आणि न्यायाचा पेच

गुन्हा एकाने केला तर शिक्षा त्यालाच व्हावी, त्याच्या शेजाऱ्याला, भावाला किंवा मुलाला होऊ नये, हे आधुनिक न्यायव्यवस्थेचे मूलतत्त्व मानले जाते. ते इतके स्वयंसिद्ध वाटते की, त्याचा वेगळा विचार करण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. मात्र ज्याने अपराध केला त्याचा देहच दुसऱ्या निरपराध माणसाच्या देहाला जन्मतः जोडलेला असेल तर? अपराध्याला तुरुंगात पाठवायचे तर निरपराध माणूसही गजाआड जाणार. निरपराध माणसाला मोकळे ठेवायचे तर अपराधीही मोकळाच राहणार. हा पेच निव्वळ कल्पनेतला नाही. एकोणिसाव्या शतकात जगभर गाजलेल्या आणि ज्यांच्यामुळे 'सयामी जुळे' हा शब्दप्रयोग रूढ झाला, त्या चँग आणि एंग बंकर या बंधूंच्या आयुष्यात तो प्रत्यक्ष उभा राहिला होता.

नदीकाठचे बालपण

११ मे १८११ रोजी सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, मेक्लाँग या नदीकाठच्या गावी या जुळ्यांचा जन्म झाला. वडील चिनी वंशाचे मासेमार होते. दोन्ही मुलांची छाती खालच्या बाजूला मांसल पट्ट्याने एकमेकांना जोडलेली होती. अशी मुले म्हणजे अपशकुन, असा समज तेव्हा तिथेही होता. राजाने त्यांना मारून टाकण्याचा विचार केला होता, अशी आख्यायिका पुढे सांगितली जात असे. ती खरी असो वा नसो, कोणताही अपराध न करता केवळ जन्मामुळे शिक्षेची छाया पडलेली ही मुले होती, एवढे तीवरून लक्षात येते.

आईने मात्र त्यांना इतर मुलांसारखेच वाढवले. सुरुवातीला समोरासमोर तोंड करून राहावे लागणारी ही मुले सततच्या हालचालींनी तो पट्टा ताणला गेल्यावर खांद्याला खांदा लावून चालू लागली, धावू लागली आणि पट्टीचे पोहणारे झाली. १८१९ च्या पटकीच्या साथीत वडील गेले. त्यानंतर घर चालवण्यासाठी या भावंडांनी बदके पाळली आणि अंडी विकली. बाजारातला हिशेब आणि घासाघीस ते लहानपणीच शिकले. पुढे परदेशात फसवणुकीला तोंड देताना हे शिक्षण त्यांच्या उपयोगी पडले.

रॉबर्ट हंटर या स्कॉटिश व्यापाऱ्याने १८२४ च्या सुमारास त्यांना नदीत पोहताना पाहिले आणि या मुलांचे प्रदर्शन मांडल्यास पैसा मिळेल हे त्याने ओळखले. राजाची परवानगी मिळण्यास काही वर्षे गेली. अखेर हंटर आणि एबल कॉफिन नावाचा अमेरिकन जहाजाचा कप्तान यांनी आईला काही रक्कम देऊन करार केला आणि १८२९ च्या ऑगस्टमध्ये 'सॅकेम' या जहाजातून हे सतरा-अठरा वर्षांचे तरुण बोस्टनच्या बंदरात उतरले. तेथील ख्यातनाम शल्यविशारद जॉन कॉलिन्स वॉरन यांनी त्यांची तपासणी केली. त्यानंतर अमेरिका आणि इंग्लंडमधील सभागृहांत तिकीट लावून त्यांना लोकांपुढे उभे केले जाऊ लागले. फ्रान्सने तर त्यांना प्रवेशच नाकारला. गर्भवती स्त्रियांनी त्यांना पाहिल्यास होणाऱ्या अपत्यांवर परिणाम होईल, अशी भीती तेथील अधिकाऱ्यांना वाटत होती.

११ मे १८३२ रोजी दोघे एकवीस वर्षांचे झाले. आता आपण सज्ञान आहोत, तेव्हा हा करार संपला, असे त्यांनी कॉफिनच्या माणसांना कळवून टाकले. त्यानंतर स्वतःचे कार्यक्रम त्यांनी स्वतःच आखले आणि मिळकतही स्वतःच्याच हाती ठेवली.

न्यायाधीशापुढे दोघे

लोक या बंधूंकडे माणूस म्हणून कमी आणि वस्तू म्हणून अधिक पाहत. कोणी चिमटे काढी, कोणी तो पट्टा खरा आहे की नाही हे ओढून पाही. दोघेही स्वभावाने सोशीक होते, पण त्या सोशिकतेला मर्यादा होती. १८३१ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्स राज्यातील लिनफील्ड या गावी विश्रांतीसाठी गेले असता शिकारीच्या वेळी बघ्यांच्या जमावाने त्यांचा पिच्छा पुरवला. शब्दाला शब्द वाढला आणि झटापट झाली. प्रकरण दंडाधिकाऱ्यांपर्यंत गेले आणि शांतता राखण्याच्या हमीपोटी या बंधूंना जातमुचलक्याची रक्कम भरावी लागली. पुढे १८३४ मध्ये अलाबामातील अथेन्स येथे कार्यक्रम सुरू असताना एका डॉक्टरने तो जोड जवळून तपासू देण्याचा हट्ट धरला. बंधूंनी नकार दिला, तेव्हा वादाचे पर्यवसान हाणामारीत झाले. त्या वेळीही शेवट दंडाची मोठी रक्कम भरण्यात झाला.

या दोन्ही प्रसंगांत कायद्याने कोणता मार्ग पत्करला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. दोन्ही वेळा पैसे वसूल करण्यात आले. तुरुंगाचे दार उघडावे लागले नाही. रक्कम दोघांच्या समाईक मिळकतीतून गेली आणि हात कोणाचा उठला हा प्रश्न बाजूलाच राहिला.

तुरुंगाची गोष्ट सांगितली जाते ती वेगळीच. फिलाडेल्फियात एका प्रेक्षकाने या बंधूंपैकी एकाचा हात मुद्दाम जोराने दाबला. त्याने संतापून त्या माणसाला ठोसा लगावून खाली पाडले. तक्रार झाल्यावर न्यायाधीशांनी फिर्यादीला समजावले की, दोषी भावाला कोठडीत टाकता येईल, पण मग दुसऱ्या भावाला विनाअपराध डांबून ठेवल्याचा ठपका फिर्यादीवरच येईल. फिर्यादीने तक्रार मागे घेतली. ही गोष्ट चँग आणि एंग यांच्या चरित्रांतून वारंवार आली आहे. ती आख्यायिकेच्या जवळ जाणारी असली तरी लोकांना ती का आवडली असावी, हे समजणे अवघड नाही. सर्वसामान्य माणसाच्या न्यायबुद्धीला पटणारा एक निष्कर्ष तीत आहे : एका निरपराध माणसाला शिक्षा होऊ नये यासाठी एका दोषी माणसाला सोडावे लागले तरी चालेल.

एका संसाराचे दोन संसार

दहा वर्षांच्या भटकंतीनंतर १८३९ मध्ये या बंधूंनी नॉर्थ कॅरोलायना राज्यातील विल्क्स परगण्यात जमीन घेतली आणि ते शेतकरी झाले. त्याच वर्षी त्यांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. नागरिकत्व केवळ गोऱ्या मुक्त व्यक्तींसाठी आहे, असे कायद्याची अक्षरे सांगत होती. स्थानिक अधिकाऱ्यांनी त्या अक्षरांकडे काणाडोळा केला. 'बंकर' हे आडनाव त्यांनी लावले ते याच काळात.

१३ एप्रिल १८४३ रोजी चँगचा विवाह ॲडलेड येट्सशी आणि एंगचा विवाह तिची बहीण सारा हिच्याशी झाला. या विवाहाने परिसरात खळबळ उडाली. परंतु कायद्याच्या दृष्टीने दोन वर, दोन वधू आणि दोन स्वतंत्र विवाह अशीच त्याची नोंद झाली. दोघांना मिळून एकवीस मुले झाली. देह जोडलेला असला तरी नागरी कायद्याने या दोघांना दोन स्वतंत्र व्यक्ती मानण्यात कधीही कुचराई केली नाही. अडचण आली ती केवळ शिक्षेच्या प्रांतात.

पुढे दोन्ही कुटुंबे सरी परगण्यात, माउंट एअरी गावाजवळ राहायला आली. बहिणींमध्ये कुरबुरी वाढल्या, तेव्हा दोन वेगळी घरे बांधण्यात आली आणि एक विलक्षण नियम ठरला. तीन दिवस चँगच्या घरी राहायचे आणि तीन दिवस एंगच्या. ज्याच्या घरी मुक्काम असेल त्याची इच्छा चालेल, दुसऱ्याने विरोध करायचा नाही. हा नियम त्यांनी अखेरपर्यंत पाळला. एका देहबंधनात दोन इच्छाशक्ती नांदवण्यासाठी या दोघा अल्पशिक्षित भावांनी स्वतःपुरता केलेला तो एक कायदाच होता. त्यात आपल्या निर्णयाची जबाबदारी आणि दुसऱ्याच्या निर्णयाला शांतपणे सोबत करण्याची तयारी या दोन्ही गोष्टी होत्या.

त्यांचे स्वभावही वेगळे होते. चँग तापट होता आणि उतारवयात मद्याच्या आहारी गेला. एंग तुलनेने शांत, पण पत्त्यांच्या जुगारात रमणारा होता. चँगने मद्य घेतल्यावर एंगला नशा चढत नसे. एकाच्या कृतीने दुसऱ्याची शुद्ध हरपत नाही, हे त्यांच्या सहवासातील लोकांनी पाहिले होते. कृत्यामागचा हेतू ज्याचा त्याचा असतो, याचा याहून ठळक पुरावा कोणता असणार?

या चरित्राला एक काळी बाजूही आहे आणि ती टाळून पुढे जाणे योग्य ठरणार नाही. ज्यांना तरुणपणी करार करून परदेशी नेण्यात आले आणि ज्यांनी सज्ञान होताच स्वातंत्र्य मागून घेतले, त्याच बंधूंनी आपल्या शेतांवर राबण्यासाठी अनेक कृष्णवर्णीय गुलाम बाळगले. यादवी युद्धात त्यांचे दोन मुलगे गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूने लढले. १८६५ मध्ये दक्षिणेचा पराभव झाला, गुलाम मुक्त झाले आणि बंकर कुटुंबाची सांपत्तिक स्थिती खालावली. जन्माच्या योगायोगाने माणसाला बांधून ठेवू नये, हे स्वतःच्या बाबतीत ज्यांना उमगले होते, त्यांना ते दुसऱ्यांच्या बाबतीत उमगले नाही.

अखेरची रात्र

पैशाची गरज पडल्यामुळे बंधूंनी पुन्हा दौरे सुरू केले. १८६९ मध्ये एडिंबरोत सर जेम्स यंग सिम्प्सन यांनी त्यांना तपासले आणि शस्त्रक्रियेने वेगळे करणे जिवावर बेतू शकते, असा सल्ला दिला. १८७० मध्ये युरोपातून परतताना जहाजावर चँगला पक्षाघाताचा झटका आला. त्याची उजवी बाजू लुळी पडली आणि त्यानंतर त्याचा भार एंगला वाहावा लागला.

१८७४ च्या जानेवारीत चँगला छातीचा विकार जडला. बाहेर कडाक्याची थंडी होती, पण चँगच्या घरचे तीन दिवस संपले होते. नियमाप्रमाणे दोघे उघड्या गाडीतून एंगच्या घरी गेले. १७ जानेवारीच्या पहाटेपूर्वी चँगचा श्वास थांबला. एंगला जाग आली तेव्हा भाऊ गेलेला होता. डॉक्टर पोहोचण्यापूर्वी, अवघ्या काही तासांत, एंगनेही प्राण सोडला. दोघे बासष्ट वर्षांचे होते.

फिलाडेल्फियातील वैद्यांनी केलेल्या शवविच्छेदनात त्या पट्ट्यातून दोघांची यकृते जोडलेली असल्याचे आढळले. ती यकृते आणि दोघांच्या देहांचा साचा तेथील म्यूटर संग्रहालयात जतन करण्यात आला. एंगचा मृत्यू भीतीने झाला की त्याचे रक्त भावाच्या निष्प्राण देहात जात राहिल्याने, यावर वैद्यांमध्ये वाद झाला. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्या रात्रीने एक गोष्ट स्पष्ट केली. अशा जोडीतल्या एकाला मृत्युदंड देणे म्हणजे दुसऱ्यालाही मारणे होय.

साहित्य आणि न्यायालय

चँग आणि एंग यांच्यानंतर वीस वर्षांनी, १८९४ मध्ये, मार्क ट्वेन यांनी 'दोज एक्स्ट्राऑर्डिनरी ट्विन्स' या विनोदी कथेत हाच पेच रंगवला. त्यांना ही कल्पना सुचली ती इटलीच्या टोची बंधूंवरून. कथेतल्या जोडलेल्या भावांवर लाथ मारल्याचा खटला चालतो, पण लाथ नेमकी कोणी मारली हे सिद्ध होत नाही आणि दोघेही सुटतात. कथेच्या शेवटी मात्र गावकरी एका भावाला फाशी देतात. वाचक हसतो, पण हसता हसता त्याच्या अंगावर काटाही येतो.

प्रत्यक्ष न्यायालयात हा प्रश्न गंभीरपणे आला तो इंग्लंडमध्ये, २००० साली. 'जोडी' आणि 'मेरी' या बदललेल्या नावांनी ओळखल्या गेलेल्या दोन जोडलेल्या बालिकांना वेगळे न केल्यास दोघी दगावणार होत्या. वेगळे केल्यास मेरीचा मृत्यू अटळ होता. डॉक्टरांची ही कृती खून ठरेल काय, असा प्रश्न होता. अपील न्यायालयाने शस्त्रक्रियेस परवानगी दिली. जोडी वाचली, मेरी गेली. मात्र मेरी ही एक स्वतंत्र व्यक्ती होती, हे न्यायालयाने नाकारले नाही. भारतातही २०२२ च्या पंजाब विधानसभा निवडणुकीत अमृतसरच्या जोडलेल्या भावांनी दोन स्वतंत्र मतदार म्हणून मतदान केले. दोन माणसे म्हणजे दोन मते आणि दोन जबाबदाऱ्या, हे सूत्र आज सर्वमान्य आहे.

खानदेशातला अदृश्य पट्टा

परंतु निरपराध माणूस दोषी माणसाला बांधला जातो तो केवळ मांसाच्या पट्ट्यानेच असे नाही. चँग आणि एंग आपल्या शेतांवर सुखाने राहत होते त्याच काळात, आजचा नंदुरबार जिल्हा ज्या खानदेशाचा भाग होता तेथे, ब्रिटिश सत्तेने जोडलेपणाचा वेगळाच अर्थ लावला होता. १८५७ च्या उठावात खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्या नेतृत्वाखाली सातपुड्यातील भिल्लांनी शस्त्र उचलले. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणी येथे लढाई झाली. पकडलेल्या पन्नासहून अधिक लोकांना जागच्या जागी लष्करी न्यायालय भरवून गोळ्या घालण्यात आल्या आणि नाईकांच्या घरच्या बायकांसह शेकडो स्त्रियांना ताब्यात घेण्यात आले. त्या स्त्रियांचा अपराध एवढाच की, त्या बंडखोरांच्या नात्यातल्या होत्या.

१८७१ मध्ये, म्हणजे चँग आणि एंग हयात असतानाच, गुन्हेगार जमाती कायदा आला आणि १९११ च्या कायद्यानंतर त्याची झळ मुंबई इलाख्यातील पारध्यांसारख्या जमातींनाही बसली. अमुक जमातीत जन्म झाला म्हणजे माणूस गुन्हेगार, असे तो कायदा मानत असे. हजेरी, वस्तीचे बंधन, परवान्याशिवाय प्रवासास मनाई हे सारे गुन्हा घडण्यापूर्वीच सुरू होई. १९४२ मध्ये, ज्या वर्षी नंदुरबारात शिरीषकुमार मेहता आणि त्याचे सोबती पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले त्याच वर्षी, एकाच्या कृत्याबद्दल साऱ्या गावाकडून दंड वसूल करण्याचा सामुदायिक दंडाचा वटहुकूमही निघाला. दोन भावांमधल्या काही इंचांच्या पट्ट्यापुढे न्यायाधीश अडखळला, ही गोष्ट सांगून लोक आनंदले. हजारो माणसांना जन्माच्या पट्ट्याने बांधताना मात्र कायदा अडखळला नाही. गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला तो १९५२ मध्ये. त्याचा शिक्का पुसला जाण्यास त्यानंतरही दीर्घ काळ लागला आणि तो सर्वस्वी पुसला गेला आहे असे आजही म्हणता येत नाही.

आजचा कायदा

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा असो की मुंबई, आजच्या न्यायालयापुढे जोडलेल्या भावांचा खटला आलाच तर कायदा काय करील? भारतीय न्याय संहितेत अशा जुळ्यांसाठी वेगळे कलम नाही. पूर्वीच्या दंड संहितेतील कलम ३४ चे तत्त्व तिनेही कायम ठेवले आहे. समान उद्देशाने कृत्य केले असेल तर प्रत्येक जण जबाबदार. पण समान उद्देश म्हणजे एकत्र असणे नव्हे. केवळ घटनास्थळी हजर राहिल्याने कोणी दोषी ठरत नाही. ज्याला जागा सोडून जाणे शक्यच नव्हते, त्याच्या उपस्थितीवरून तर त्याचा हेतू ठरवता येणारच नाही.

शिक्षेच्या बाबतीतही कायद्याला हा प्रश्न अगदीच अपरिचित नाही. गर्भवती स्त्रीला मृत्युदंड झाला असेल तर उच्च न्यायालयाने तो जन्मठेपेत बदलावा, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४५६ सांगते. एका देहात दुसरा निरपराध जीव आहे, हे कायद्याने येथे मान्य केले आहे. सहा वर्षांपर्यंतची मुले आईसोबत तुरुंगात राहू शकतात, परंतु ती कैदी नव्हेत, त्यांना कैद्यासारखे वागवता कामा नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या निकालात बजावले. संविधानाचा अनुच्छेद २१ प्रत्येक व्यक्तीच्या जीविताचे आणि स्वातंत्र्याचे रक्षण करतो. त्यात जोडलेल्या व्यक्तींचा अपवाद नाही.

तेव्हा चँग आणि एंग यांच्यासारखी जोडी उद्या न्यायासनासमोर आलीच, तर दोषी भावाला दोषी ठरवणे शक्य आहे. त्याला कैदेत पाठवणे मात्र न्याय्य ठरणार नाही. दंड, नुकसानभरपाई, चांगल्या वर्तणुकीचे हमीपत्र हेच मार्ग उरतील आणि दंडही दोषी भावाच्याच वाट्यातून वसूल व्हावा लागेल. अपराध सिद्ध होणे आणि शिक्षा भोगायला लावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी पुरावा पुरतो. दुसरीसाठी तिची झळ आणखी कोणाला बसते, हेही पाहावे लागते.

नॉर्थ कॅरोलायनातील व्हाइट प्लेन्स चर्चच्या आवारात दोघे भाऊ एकाच थडग्यात विसावले आहेत. हयातीत त्यांनी कायद्यापुढे मांडलेला प्रश्न दुर्मीळ होता. तुरुंगाबाहेर रांगेत उभ्या असलेल्या आया आणि मुले, शिक्का घेऊन जन्मलेल्या वस्त्या, एकाच्या गुन्ह्यासाठी उठवले जाणारे कुटुंब यांच्या रूपाने तोच प्रश्न रोज समोर येतो. फरक इतकाच की, त्यांना जोडणारा पट्टा डोळ्यांना दिसत नाही.